माजूम, तराजू आणि विस्तव

सरकारी दप्तरात वस्तू शिरते ती वजनाच्या वाटेने. धान्य, मीठ, अफू, गांजा, जे जे म्हणून करास पात्र ठरले, त्याची पहिली ओळख तोळा, शेर, मण किंवा किलो याच परिभाषेत झाली. हे स्वाभाविकच आहे. वजन मोजता येते, लिहिता येते, वरिष्ठांना कळविता येते आणि मागील वर्षाच्या आकड्याशी ताडूनही पाहता येते. परंतु काही वस्तू अशा असतात, की त्यांचे वजन तंतोतंत ठाऊक असूनही त्यांचे बळ कळत नाही. भांग ही त्यांपैकी एक. एकाच शेतातली, एकाच दिवशी खुडलेली आणि एकाच तराजूत तोललेली पाने दोन आचाऱ्यांच्या हाती दिली, तर एकाच्या हातून जवळजवळ निरुपद्रवी असा पाला निघेल, आणि दुसऱ्याच्या हातून खाणाऱ्याचे रात्रभर भान हरपविणारी वडी निघेल. हा फरक पडतो तो विस्तवामुळे.

विस्तवाच्या या कर्तबगारीचा इतिहास येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे. नशापाण्याची भलामण करावी हा आमचा हेतू नाही, आणि कोणास पाककृती पुरवावी हा तर नाहीच नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते इतकेच, की जे ज्ञान चुलीपाशी शेकडो वर्षे नांदत होते ते दप्तरापर्यंत कधी पोचलेच नाही. आणि ही तूट वैद्यकास, शासनास व क्वचित सामान्य माणसाच्या प्राणासही भोवली. परप्रांतात अधिकारावर असलेल्या आमच्या वाचकांस हा विषय अगदीच परका वाटू नये. होळीच्या दिवसांत उत्तरेकडे ठंडाईचा पेला पुढे आला असता नम्रपणे नाही म्हणण्याचा प्रसंग त्यांच्यापैकी अनेकांवर आलाच असेल.

प्रथम नावांचा उलगडा करू. झाड एकच. त्याची पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे राळयुक्त तुरे म्हणजे गांजा, आणि त्यांवरची नुसती राळ गोळा केली की ती चरस. गांजा आणि चरस चिलमीतून ओढले जातात, तेथे विस्तव उघडपणे हजर असतो. भांग मात्र खाल्ली वा प्याली जाते, आणि तेथे विस्तवाचे काम पडद्याआड चालते. भांगेपासून तूप व साखर यांच्या साह्याने जी वडी करतात तिचे नाव माजूम. हा शब्द मूळ अरबी. त्याचा अर्थ केवळ ‘मळून केलेले’ असा असून युनानी हकिमांच्या कित्येक निर्दोष औषधांनाही तो लागतो. मराठीत मात्र माजूम म्हटले की नशेची वडीच समजावी, इतका तो अर्थ रूढ झाला.

आमच्या जुन्या वैद्यांस या वनस्पतीचा स्वभाव ठाऊक होता. शार्ङ्गधरसंहितेत ‘व्यवायी’ द्रव्यांची व्याख्या दिली आहे. जे द्रव्य आधी सर्व देहभर पसरते आणि मागाहून पचते ते व्यवायी, आणि त्याची उदाहरणे म्हणून भांग व अफू यांची नावे तेथे आली आहेत. भावप्रकाशातही भांगेचे गुणदोष वर्णिले आहेत. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने व्याख्येहून अधिक महत्त्वाची आहे ती वैद्यांची कृती. औषधात घालण्यापूर्वी भांगेचे शोधन करावे, ती पाण्याने धुवावी, वाळवावी आणि मग गाईच्या तुपात मंद आचेवर परतावी, हा संस्कार वैद्यपरंपरेने सांभाळला. या परतण्यात दोन गोष्टी एकदम साधतात. पाण्यात न विरघळणारी राळ तुपात उतरते, आणि आचेने तिचे बळ जागे होते. आच मंदच का हवी याचे रासायनिक कारण त्या वैद्यांपाशी नव्हते. परंतु करपलेली भांग कामाची नव्हे आणि कच्ची भांग भरवशाची नव्हे, हा अनुभव त्यांच्यापाशी होता.

युरोपीय विद्वत्तेशी भांगेची गाठ पडली ती आमच्याच किनाऱ्यावर. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता हा १५३४ मध्ये गोव्यास आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही वैद्य म्हणून त्याचे जाणेयेणे असे. त्याने हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांवर लिहिलेला संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला, आणि त्यातील एक संवाद भांगेवर आहे. पाने कुटावी, त्यांत कोणी सुपारी, कोणी जायफळ, लवंग वा कापूर मिसळावा, हे त्याने टिपले आहे. आपल्या नोकरांनी नकळत ती घेतली असता त्यांना श्रमाचे काही वाटेनासे झाले, मन उल्हसित झाले आणि भूक लागली, हेही तो प्रामाणिकपणे नोंदवितो. ओर्त्याची दृष्टी चौकस खरी. त्याने मसाले मोजले, परिणाम पाहिला. उष्णतेच्या प्रमाणाची चर्चा मात्र तेथे नाही. चुलीपाशी बसून पाहणारा विद्वान यावयास आणखी पावणेतीनशे वर्षे जावी लागली.

तो विद्वान म्हणजे विल्यम ब्रूक ओशॉनेसी. हा आयरिश डॉक्टर १८३३ मध्ये कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला आणि कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचा अध्यापक झाला. हिंदुस्थानात तारायंत्र उभारणारा म्हणून पुढे त्याचे नाव झाले. परंतु १८३९ मध्ये त्याने भांग-गांजावर जो निबंध प्रसिद्ध केला, तोही त्याच्या कीर्तीस कमी महत्त्वाचा नाही. त्याने संस्कृत, अरबी व फारसी ग्रंथांतील मते जाणकारांकडून मिळविली, कुत्र्यादी प्राण्यांवर प्रयोग केले, आणि मगच रुग्णांकडे वळला. पण आमच्या दृष्टीने त्याची सर्वांत मोलाची करणी निराळीच आहे. कलकत्त्यात माजूम करणारा अमीर नावाचा एक कारागीर त्या काळी आपल्या धंद्यात अग्रगण्य समजला जाई. ओशॉनेसीने त्याजकडून आपल्या समक्ष माजूम करवून घेतली आणि पाहिले ते क्रमवार लिहून ठेवले.

ती कृती थोडक्यात अशी. कल्हईच्या किंवा मातीच्या भांड्यात भांग आणि तूप घालावयाचे, त्यावर पाणी ओतावयाचे, आणि कोळशाच्या विस्तवावर ठेवून सारखे ढवळीत राहावयाचे. पाणी आटत आटत पूर्ण उडाले म्हणजे भांड्याच्या कडेला तूप तडतडू लागते. ही तडतड ऐकू आली, की भांडे खाली उतरावयाचे आणि गरम असतानाच कापडातून पिळून घ्यावयाचे. हिरवट तूप थिजले की ते पाण्याने वारंवार धुवावयाचे. इकडे साखरेचा पाक करून त्यातली मळी दुधाने काढावयाची, पाक चिकट झाला म्हणजे त्यात हे तूप घोटावयाचे, वर गुलाबाच्या अत्तराचे थेंब शिंपडावयाचे, आणि थंड ताटात ओतून शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या पाडावयाच्या. अशी माजूम त्या वेळी चार रुपये शेराने विकली जात होती.

या साऱ्या वर्णनातील एका शब्दावर आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तो शब्द म्हणजे तडतड. ज्यांच्या घरी लोणी कढवून तूप केले जाते त्यांस याचे मर्म सांगावयास नको. लोण्यात पाणी आहे तोवर त्याची उष्णता पाण्याच्या उकळबिंदूपुढे, म्हणजे शंभर अंशांपुढे, फारशी जात नाही. पाण्याचा अखेरचा अंश उडू लागला की आवाज पालटतो, आणि तेथून तूप झपाट्याने तापू लागते. ज्या गृहिणीचा कान तयार आहे ती त्याच क्षणी भांडे उतरविते. जिचे लक्ष उडाले तिचे तूप करपते. अमीरापाशी उष्णतामापक नव्हता. पण त्याने पाणी घातले होते ते आच काबूत राहावी म्हणून, आणि कान दिला होता तो काबू सुटण्याचा क्षण कळावा म्हणून. पाणी हाच त्याचा पहारेकरी, आणि तडतड ही त्या पहारेकऱ्याने दिलेली वर्दी.

दुर्दैवाने ओशॉनेसीने ही वर्दी टिपून घेतली, पण तिचा अर्थ लावला नाही. त्या काळच्या रसायनशास्त्रास ते शक्यही नव्हते. रुग्णांसाठी त्याने माजूम न वापरता मद्यार्कातला अर्क वापरला. गांज्याचे तुरे मद्यार्कात उकळावयाचे आणि तो द्रव आटवून राळ उरवावयाची, अशी ती रीत होती. मद्यार्क अठ्ठ्याहत्तर अंशांच्या सुमारासच उकळतो. म्हणजे जी आच माजुमीस मिळत होती ती या अर्कास त्या पायरीवर मिळत नव्हती. आटविताना कोणी किती तापविले यावर सारे अवलंबून राहिले. संधिवाताच्या तीन रुग्णांस त्याने सारखीच मात्रा दिली, तेव्हा एक जण गाऊ-बोलू लागला आणि मग त्याचे अवयव ठेवावे तसे ताठ राहू लागले; तिसऱ्यावर काहीच परिणाम दिसेना. चौकशीअंती तो गांजा ओढणारा निघाला. मनुष्यामनुष्यांतील हा फरक ओशॉनेसीने ओळखला. अर्काअर्कांतील फरक ओळखणे राहून गेले.

त्या चुकलेल्या दुव्याची किंमत पुढे विलायतेत भरावी लागली. ओशॉनेसी १८४० नंतर तिकडे गेला तेव्हा त्याने गांजा सोबत नेला, आणि लंडनच्या पीटर स्क्वायर या औषध-निर्मात्याने त्याचा अर्क बाजारात आणला. धनुर्वात, अर्धशिशी, निद्रानाश अशा विकारांवर तो दिला जाऊ लागला. परंतु डॉक्टरांची तक्रार एकच असे. एका बाटलीतल्या थेंबांनी झोप लागते, दुसऱ्या बाटलीतल्या तितक्याच थेंबांनी काहीच होत नाही, आणि तिसरी रुग्णास घाबरवून सोडते. माल जुना की नवा, बोटीत किती तापला, अर्क करणाऱ्याने किती आटविला, या सर्वांचे बरेवाईट त्या बाटलीत उतरत असे. लेबलावर मात्र वजनच लिहिलेले असे. ज्या औषधाची मात्रा ठरविता येत नाही ते औषध वैद्यकात टिकत नाही. १९३२ मध्ये ब्रिटिश औषधिकोशातून हा अर्क गळाला, आणि दहाएक वर्षांत अमेरिकेच्या औषधिकोशातूनही. याला कायद्याची व राजकारणाचीही कारणे होती. पण मात्रेची अनिश्चितता हे त्यातले एक ठळक कारण होते.

आता दप्तराकडे वळू. मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात हिंदुस्थानातील गांजाच्या व्यापाराविषयी प्रश्न निघाला, आणि त्याच वर्षीच्या जुलैत हिंदुस्थान सरकारने एक आयोग नेमला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष होते. सात सभासदांपैकी तिघे हिंदी होते. राजा शशिशेखरेश्वर राय, कुंवर हरनामसिंग आणि लाला निहालचंद. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात ज्या विषयाचे अध्यापन ओशॉनेसीने केले होते त्याच विषयाचे अध्यापक सर्जन-मेजर वॉर्डन हेही त्यात होते. आयोगाने ११९३ साक्षीदारांच्या साक्षी घेतल्या आणि सात खंडांचा अहवाल १८९४ मध्ये सादर केला. सरकारी चौकशी कशी करावी याचा नमुना म्हणून आजही हा अहवाल वाचण्यासारखा आहे.

या चौकशीत आमचा मुलूखही आला. मुंबई इलाख्यातील गांजाची लागवड मुख्यत्वे अहमदनगर जिल्ह्यात होती, आणि मध्यप्रांताचा गांजा खांडव्याच्या बाजूस पिकत असे. बंगालचा गांजा राजशाहीकडील नौगावचा. तेथे सरकारने करआकारणीत थोडी विवेकबुद्धीही दाखविली होती. चपटा गांजा, गोल गांजा आणि चूर अशा तीन प्रतींवर निरनिराळा कर होता, आणि देठ-काड्या गळून नुसता राळयुक्त भाग उरलेल्या चुरावर तो सर्वांत जास्त होता. म्हणजे नुसत्या वजनावर भागत नाही, मालात बळ किती हेही पाहिले पाहिजे, ही जाणीव अबकारी खात्यास झाली होती. पण ती जाणीव दुकानाच्या उंबरठ्यापर्यंतच चालली. घरी नेल्यावर त्या मालाचे काय होते, तो कच्चा वाटला जातो की तुपात शिजतो, हे कोणत्याच रकान्यात बसण्याजोगे नव्हते.

रकान्यांविषयी आयोगाने स्वतःच एक मार्मिक गोष्ट उघडकीस आणली. १८९२ साली वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झालेल्या १३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा-भांग असे नोंदविलेले होते. आयोगाने एकेक प्रकरण पुन्हा तपासले, तेव्हा त्यांपैकी फक्त ९८ प्रकरणांत या कारणास काही आधार सापडला, आणि तेथेही कित्येकदा दुसरी कारणे जोडीस होती. रुग्णाबरोबर येणारा कागद बहुधा पोलिसांकडून भरलेला असे. ‘कारण’ हा रकाना कोरा ठेवता येत नसे. आणि माणूस गांजा ओढतो एवढे कळले की लेखणी तेथेच थांबे. माफक सेवनाने बहुधा हानी होत नाही, अतिसेवनाने होते, आणि सरसकट बंदीपेक्षा परवाना व कर यांनी नियंत्रण ठेवावे, असा निष्कर्ष आयोगाने काढला. हा निष्कर्ष त्या काळच्या पुराव्यास धरूनच होता. तरीपण ‘माफक’ म्हणजे किती, हा प्रश्न उरतोच. चिलमीचे माफक, ठंडाईचे माफक आणि माजुमीचे माफक ही तीन मापे आहेत. त्यांचा मेळ घालणारे शास्त्र १८९४ मध्ये जगात कोठेही नव्हते.

ते शास्त्र कसे आले त्याची कथा मनोरंजक आहे. १८९६ मध्ये केंब्रिज येथे वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड या तिघांनी चरसाचे ऊर्ध्वपातन करून एक तांबडे तेल मिळविले, आणि पुढे त्यातून कॅनाबिनॉल हे द्रव्य वेगळे केले. भांगेचा जीव आता हाती लागला असे वाटले. वस्तुतः हाती लागले होते ते त्या जीवाचे कलेवर. कॅनाबिनॉल हे ताज्या वनस्पतीत जवळजवळ नसतेच. खरे मादक द्रव्य जुने झाले, हवेने व उष्णतेने बिघडले, म्हणजे त्याचे कॅनाबिनॉल बनते. १९४० मध्ये इंग्लंडात टॉड आणि अमेरिकेत अ‍ॅडम्स यांनी त्याची रचना निश्चित केली, पण नशेचे मूळ शुद्ध रूपात गवसले ते १९६४ मध्ये. इझ्रायलमधील गाओनी व मेशुलाम यांनी चरसातून टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल वेगळे केले आणि त्याची रचना सांगितली.

त्यामागोमाग सर्वांत महत्त्वाचा उलगडा झाला. हिरव्या झाडात हे मादक द्रव्य तयार रूपात फारसे नसतेच. तेथे असते त्याचे आम्ल, आणि त्या आम्लाने नशा चढत नाही. आम्लाच्या अणुसमूहास कार्बन डायऑक्साइडचा एक तुकडा चिकटलेला असतो. खायचा सोडा तापला की जसा तोच वायू सोडतो, तसे हे आम्लही तापल्यावर तो तुकडा टाकून देते आणि मादक बनते. उन्हात, साठवणीत हे काम महिनोन्‌महिने चालते. शंभर अंशांच्या आसपास ते काही तासांचे असते, आणि एकशेदहा-वीस अंशांवर तासाच्या आत बरेचसे उरकते. दीडशेच्या पुढे मात्र दुसरीच क्रिया बळावते. मादक द्रव्य बिघडू लागते, उडूनही जाते. थोडक्यात, कमी आचेत माल झोपलेला राहतो आणि जास्त आचेत मरतो. मधला पट्टा अरुंद आहे, आणि अमीराची तडतड नेमकी त्या पट्ट्याच्या दारात वाजत होती.

येथे तराजूची फजिती पुरी होते. तो तुकडा निघून गेला म्हणजे आम्लाचे वजन शंभर भागांत सुमारे बारा भागांनी घटते. म्हणजे विस्तवावर ठेवलेला माल वजनाने हलका होतो आणि बळाने भारी होतो. ज्या दप्तरात वजन हेच बळाचे प्रमाण, त्या दप्तराने हा व्यवहार उलटाच वाचावयास हवा होता.

भट्टीचा प्रवेश या इतिहासात फार उशिरा झाला. आमच्याकडे माजूम चुलीवरची. पश्चिमेकडे गोड पदार्थ बंद भट्टीत भाजण्याची रीत. १९५४ मध्ये पॅरिसवासी अमेरिकन लेखिका अ‍ॅलिस टोक्लस हिचे पाकशास्त्राचे पुस्तक निघाले. त्यात तिच्या एका मित्राने पुरविलेली भांगमिश्रित मिठाईची कृती होती. ती फळे, मसाले व लोणी मळून करावयाची. भट्टीचा तीत संबंध नव्हता. परंतु १९६८ च्या एका विनोदी चित्रपटाने तिचे नाव भट्टीत भाजलेल्या ब्राउनी नावाच्या चॉकलेटी केकशी जोडून टाकले, आणि लोकांनी घरोघर कच्चा पाला पिठात कालवून भाजण्यास आरंभ केला.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. भट्टीची चकती पावणेदोनशे अंश दाखवीत असली, तरी केकाचा गाभा ओला असेतो शंभराच्या फारसा पुढे जात नाही. पाण्याचा तोच जुना पहारा येथेही असतो. अर्ध्या तासात केक भाजून होतो, गाभ्यातला पाला अर्धवट जागा होतो, आणि कडेचा पापुद्रा मात्र वाजवीपेक्षा अधिक तापतो. एकाच ताटातला मधला तुकडा आणि कडेचा तुकडा यांचे बळ त्यामुळे सारखे असेलच असे नाही. त्यातून घरगुती भट्टीच्या चकतीवरील अंक व आतील खरी उष्णता यांत तफावत असते ती निराळीच. माजूम करणाऱ्याने आधी तूप सिद्ध केले आणि मग ते पाकात सर्वत्र घोटले. बळ आणणे आणि बळ वाटणे ही दोन कामे त्याने अलग ठेवली होती. भट्टीवाल्यांनी ती एकत्र केली, आणि पुन्हा अलग करण्यास त्यांस काही दशके लागली.

हा केवळ पाककलेतला प्रमाद म्हणून सोडून देता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत मेरी जेन रॅथबन ही वृद्ध बाई १९८० नंतरच्या दशकात एड्सच्या रुग्णांस अशा ब्राउनी भाजून वाटीत असे. अन्नाची शिसारी आलेल्या त्या रुग्णांस चार घास जावेत हा तिचा हेतू. तिला अटका झाल्या. पण तिच्यासारख्यांच्या खटाटोपाने १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी औषधी वापरास मान्यता दिली. ही एक बाजू. दुसरी बाजू मार्च २०१४ मध्ये कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरी दिसली. तेथे उघड विक्री सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते. एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने दुकानातील बिस्किटाचा तुकडा खाल्ला. अर्ध्या-एक तासात काही जाणवेना, म्हणून उरलेले सर्व खाल्ले. काही तासांनी भ्रमिष्ट अवस्थेत त्याने चौथ्या मजल्याच्या सज्जावरून उडी घेतली आणि तो दगावला. त्या एका बिस्किटात साडेसहा मात्रा होत्या.

ओढलेल्या धुराचा परिणाम काही मिनिटांत कळतो. खाल्लेल्या वडीचा अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कळत नाही, आणि यकृतातून जाताना त्याच द्रव्याचे दुसरे एक प्रभावी रूप बनते. म्हणून तो परिणाम उशिरा येतो तसा लांबतोही. ‘अजून काही होत नाही’ ही भावनाच येथे घातक ठरते. कोलोरॅडोने त्यानंतर नियम कडक केले. १० मिलिग्रॅमची एक मात्रा बिस्किटातून सहज वेगळी करता आली पाहिजे, असे ठरले. २०१९ मध्ये कॅनडाने असे पदार्थ विकण्यास परवानगी दिली तेव्हा एका वेष्टनात एकूण १० मिलिग्रॅम एवढीच मर्यादा घातली. हे आकडे आहेत ते पाल्याचे नव्हेत, बिस्किटाचेही नव्हेत. आचेतून गेल्यावर प्रत्यक्ष उरलेल्या मादक द्रव्याचे आहेत. दप्तराने विस्तवाची दखल घेतली ती अशी, आणि नियम कडक होण्याआधी एक जीव जावा लागला.

आमच्या देशात आज स्थिती काय आहे? १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गांजा व चरस यांस बंदी केली, परंतु तुऱ्यांवाचून असलेली पाने आणि बी यांस त्या व्याख्येतून वगळले. यास्तव भांगेचा कारभार राज्यांच्या अबकारी नियमांकडे राहिला. उत्तर प्रदेशात व राजस्थानात परवान्याची दुकाने आहेत. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा अंमल तिच्यावर चालतो. शिक्षेचे प्रमाण मात्र अद्याप वजनावर ठरते. गांजा एक किलोपर्यंत अल्प आणि वीस किलोंपासून पुढे व्यापारी. चरस शंभर ग्रॅम व एक किलो. मिश्रण असेल तर काय तोलावे हा वादही होऊन गेला. हेरॉइनच्या एका प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध अंशाचेच वजन धरावे असे म्हटले. २००९ च्या अधिसूचनेने संपूर्ण मिश्रण धरावे असे ठरविले. आणि २०२० मध्ये त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी संपूर्ण मिश्रणाचाच पक्ष उचलून धरला. गुन्हेगाराने भेसळीचा आसरा घेऊन सुटू नये, हा यातला हेतू आम्हांस समजतो. परंतु चरस घातलेला केक पकडला गेला, तर मैदा, साखर आणि अंडी यांचेही वजन आरोपीच्या माथी येते, आणि तो केक कच्चा होता की भाजलेला, दुबळा की दुर्धर, हा प्रश्न विचारण्याची आवश्यकताच उरत नाही.

तराजू टाकून द्यावा असे आम्ही म्हणत नाही. राज्य चालवावयाचे तर मोजमाप हवे, आणि ठाण्यात बसलेल्या अंमलदाराने प्रत्येक वडीचे रासायनिक पृथक्करण करावे ही अपेक्षा वेडगळपणाची होईल. आमचे म्हणणे एवढेच, की जे मोजता येते तेवढेच सत्य, हा समज मोजणाऱ्याने धरू नये. १८९४ च्या आयोगाची थोरवी याच गोष्टीत होती. त्याने वेड्यांच्या इस्पितळाचा भरलेला रकाना जसाच्या तसा न स्वीकारता रुग्णापर्यंत मागे जाऊन पाहिले. ओशॉनेसीची थोरवीही तीच. तो प्रयोगशाळेतून उठून एका माजूमवाल्याच्या चुलीपाशी जाऊन बसला, आणि ज्याचा अर्थ आपणांस लागत नव्हता ती तडतडही त्याने लिहून ठेवली. त्याने ती क्षुल्लक मानून गाळली असती, तर सव्वाशे वर्षांनी लागलेल्या शोधाच्या उजेडात ती वाचण्याचा योग आम्हांस आला नसता. अधिकाऱ्याच्या टिपणवहीत अशा एखाद्या न कळलेल्या तपशिलासाठी जागा असावी. आज तो निरर्थक वाटेल. ज्याच्यासाठी तो लिहिला जातो तो वाचक कदाचित अजून जन्मासही आलेला नसेल.